आप्पांच्या छातीत काय होतं?

पालघरच्या किनाऱ्यावर केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी पोर्तुगीज ठाण्यांची रांग होती. १७३८ सरता सरता चिमाजी आप्पा स्वतः कोकणात उतरले आणि १७३९च्या जानेवारीत ही ठाणी एकामागून एक मराठ्यांच्या हाती आली. तारापूरला सुरुंगांनी तट फोडून हल्ला झाला आणि त्या हल्ल्यात सरदार बाजी भिवराव गोळी लागून पडले. मे महिन्यात वसई सर झाली. त्यानंतर दीडएक वर्षात, १७ डिसेंबर १७४० रोजी, आप्पा गेले. वय तेहतिशीच्या आसपास. त्यांचे बंधू थोरले बाजीराव पेशवे रावेरखेडीला वारले त्याला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. आप्पांना छातीचा विकार होता, प्रकृती मुळातच तोळामासा होती, एवढं मराठी वाचकाच्या कानावर असतं. त्यापुढे मात्र एकमत नाही. कुणी दमा म्हणतं, कुणी क्षय, कुणी कोकणातल्या दगदगीवर आणि हवेवर बोट ठेवतं. जवळजवळ तीनशे वर्षांनी यातलं एक नाव निवडण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणून त्या इथे समोरासमोर बसवल्या आहेत. एक बाजू बोईसरच्या कामगार वस्तीत छातीचे रोगी तपासणाऱ्या डॉक्टरबाईंच्या तोंडी आहे, दुसरी पालघरला इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या सरांच्या. दोघंही कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र या वादात खरोखर मांडले जातात तेच आहेत.

डॉक्टर: सर, रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ साली. म्हणून १७४० साली तो जंतू पुण्यात नव्हता असं कुणी म्हणणार नाही. फुप्फुस तेव्हाही याच नियमांनी चालत होतं आणि याच नियमांनी खराब होत होतं. तिशीतला माणूस, जुना खोकला, धाप, खंगत जाणारं शरीर, आणि अखेर अकाली मृत्यू. हे वर्णन माझ्यासमोर आलं तर मी गप्प बसणार नाही. मी क्रम लावीन: पहिला क्षय, दुसरा दमा, मग श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठून राहण्याचा रोग, मग लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप आकसण्याचा विकार. हा शेवटचा फार फसवा असतो. त्यातही दम लागतो, थुंकीतून रक्त पडतं, आणि रोगी तरुण असतो, त्यामुळे सगळ्यांना तो क्षयच वाटतो. निदान म्हणजे शक्यतांची अशी उतरंड लावणं. ती लावायला रोगी जिवंतच असला पाहिजे असं नाही.

सर: डॉक्टर, उतरंड लावायला माझी हरकत नाही. पण तुम्ही आत्ता जे वर्णन घेतलंत ते कुणाचं, केव्हाचं आणि कशासाठी लिहिलेलं, हे आधी विचारा. मोहिमेची पत्रं ही कामाची पत्रं असतात. रसद किती आली, सुरुंग कुठवर गेला, कोण पडलं, कोण जखमी झालं, याच्यासाठी ती लिहिली जातात. बाजी भिवराव कशाने गेले हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, कारण हल्ल्यात पडलेल्या सरदाराची हकिगत वर कळवणं हे त्या पत्रांचं कामच होतं. सेनापतीचा खोकला त्या पत्रांत येतो तो त्याने कूच लांबली तर, किंवा घरच्यांना काळजी वाटू नये म्हणून. म्हणजे आजार कमी-जास्त होतो तसा कागदावर उमटत नाही. तो कामाच्या आड आला की उमटतो. आणि चरित्रकार एकमेकांचं वाचून लिहितात. तीन पुस्तकांत क्षय आला म्हणून साक्षीदार तीन झाले असं होत नाही. शिवाय आपल्याकडे देह अग्नीच्या स्वाधीन होतो. युरोपात थडगं उघडून हाड तपासता येतं, दातातून जंतूची जनुकं काढता येतात. आप्पांच्या बाबतीत ती वाट नाही. आपल्याजवळ आहे तो फक्त कागद.

इथे सरांनी सांगितलेला पुराव्याचा दोष नेमका समजून घ्यायला हवा. कागद थोडे आहेत ही अडचण दुय्यम आहे. कागद एका बाजूला कललेले आहेत ही खरी अडचण. थोडा पण सरळ पुरावा असेल तर त्यातून भीतभीत का होईना, काही सांगता येतं. कललेल्या पुराव्याचं तसं नसतं. तो वाढला तरी कल तसाच राहतो, आणि वाचणाऱ्याचा आत्मविश्वास तेवढा वाढत जातो. आप्पांच्या आजारपणाचे दहा उल्लेख सापडले आणि दहाही मोहीम अडलेल्या दिवसांतले असले, तर आजार अधूनमधून उसळणारा होता असं वाटेल, आणि डॉक्टर दम्याकडे झुकतील. पण मधल्या दिवसांत तो बरा होता, की कामाच्या आड येत नव्हता म्हणून कुणी लिहिलं नाही, हे त्या दहा उल्लेखांतून कळणार नाही. डॉक्टरांकडे याचं उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्रातूनच आलेलं आहे.

डॉक्टर: देह नसताना मृत्यूचं कारण ठरवणं ही काही इतिहासातली हौस नाही, सर. ते आजचं सार्वजनिक आरोग्याचं रोजचं काम आहे. खेड्यात मूल घरी दगावतं, शवविच्छेदन होत नाही, दाखला नसतो. मग प्रशिक्षित माणूस आईला विचारतो: दूध ओढत होतं का, श्वास जोरात चालत होता का, छाती आत ओढली जात होती का, अंगाला फोड होते का. त्या उत्तरांवरून कारण ठरतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी याचे निकष बांधून १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडले. आईच्या शब्दांतून न्यूमोनिया ओळखता येतो हे त्यांनी पटवून दिलं, आणि त्याचा उपयोग पुढची मुलं वाचवण्यासाठी झाला. त्याच सुमारास आपल्या जव्हारमध्ये, वावर-वांगणीला, १९९२-९३ साली बालमृत्यू झाले, तेव्हा मुलं आजाराने गेली की कुपोषणाने यावर केवढा वाद झाला. त्या वेळी पुरावा अपुरा आहे म्हणून गप्प राहा असं म्हणणं हा अन्याय ठरला असता. मग आप्पांच्या बाबतीत, जवळच्या माणसांची पत्रं हाताशी असताना, मी गप्प का राहायचं?

सर: कारण तुम्ही सांगितलेल्या पद्धतीच्या अटी इथे पुऱ्या होत नाहीत. त्या आईला मृत्यूनंतर फार काळ लोटायच्या आत विचारलं जातं. प्रत्येक आईला तेच प्रश्न विचारले जातात. आणि महत्त्वाचं म्हणजे, आई काय सांगते त्याच्याइतकंच ती कशाला नाही म्हणते तेही नोंदलं जातं. फोड नव्हते, झटके आले नव्हते. आप्पांच्या पत्रांत असं नकाराचं उत्तर कुठेच नाही. थुंकीतून रक्त पडल्याचा उल्लेख नसेल, तर रक्त पडत नव्हतं म्हणून, की लिहिलं नाही म्हणून? कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाही, डॉक्टर.

या वादाचा निकाल लागतो तो सरांच्या याच मुद्द्यावर, आणि त्याला आणखी एक पदर आहे. नातेवाइकांच्या सांगण्यावरून कारण ठरवण्याची पद्धत भरवशाची ठरते ती समूहापुरती. भारतात हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. देशभरातल्या नमुना कुटुंबांतल्या मृत्यूंची माहिती घरी जाऊन घ्यायची, दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून कारण लिहायचं आणि मतभेद झाला तर तिसऱ्याने निवाडा करायचा, अशी त्याची रीत होती. त्यातून २०१० साली निघालं की भारतात मलेरियाने वर्षाला सुमारे दोन लाख माणसं दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज पंधरा हजारांच्या आसपास होता. लगेच आक्षेप आला की तापाने झालेला प्रत्येक मृत्यू मलेरियाचा नसतो; विषमज्वर, मेंदूज्वर आणि इतर ताप त्यात मिसळले असणार. साक्षीदार जिवंत, प्रश्न ठरलेले, वाचणारे डॉक्टर दोन, आणि तरीही दोन अंदाजांत दसपटीहून जास्त अंतर. ही पद्धत तरीही टिकते, कारण हजारो मृत्यूंत काही चुका एका दिशेच्या असतात, काही उलट दिशेच्या, आणि बेरजेत त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. एका माणसाच्या बाबतीत खोडायला दुसरी चूक नसते. तिथे निदान बरोबर असतं किंवा चूक. आणि इतिहासपुरुष नेहमी एकच असतो. मागे वळून निदान करण्याची रीत जिथे सर्वांत दुबळी आहे, नेमकं तिथेच आपण तिच्याकडून सर्वांत ठाम उत्तर मागतो.

डॉक्टर: मान्य. पण ठाम उत्तर सोडून दिलं तरी वैद्यकाचा उपयोग संपत नाही. एक साधी कसोटी सांगते: आजार किती वर्षं होता? औषधं येण्यापूर्वीच्या युरोपातल्या नोंदी अलीकडे पुन्हा तपासल्या गेल्या. थुंकीत जंतू सापडणारा क्षयरोगी तेव्हा रोग सुरू झाल्यापासून सरासरी तीन वर्षांत एक तर सुधारायचा नाही तर दगावायचा, आणि दहा वर्षांत असे सुमारे सत्तर टक्के रुग्ण दगावायचे. आप्पांची तक्रार लहानपणापासूनची असेल, तर तीच क्षय होती हे मला अवघड वाटतं. मग दमा किंवा श्वासनलिकांचा रोग पुढे येतो. ती तक्रार वसईच्या मोहिमेच्या आगेमागे सुरू झाली असेल, तर १७४०चा मृत्यू क्षयात चपखल बसतो. तिसरी शक्यताही आहे. लहानपणापासून दमा होता आणि शेवटच्या दोनतीन वर्षांत त्यावर क्षय आला. तेव्हा सर, मला आजाराचं नाव देऊ नका. तक्रारींच्या तारखा द्या.

सर: हे बोललात ते आवडलं. कारण तारखा लावणं हे आमचं काम. लोक हमखास करतात ती एक चूक तारखाच उघडी पाडतात. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला राजयक्ष्म्याने गेले. त्यांच्या दीर्घ दुखण्याची हकिगत आप्पांच्या मानाने खूपच चांगली नोंदलेली आहे. मग लगेच म्हटलं जातं, बघा, घराण्यातच क्षय होता, म्हणजे आप्पांनाही तोच. पण क्षय रक्तातून उतरत नाही, तो एका छपराखालच्या श्वासातून पसरतो, हे तुम्हीच सांगता. माधवरावांचा जन्म १७४५चा. आप्पा जाऊन तेव्हा चार वर्षं उलटली होती. चुलत आजोबांचा खोकला या नातवाच्या कानावर पडणंच शक्य नव्हतं. शनिवारवाड्यातल्या मधल्या माणसांतून साखळी जोडायची, तर त्या प्रत्येकाचा आजार आधी सिद्ध करावा लागेल. माधवरावांच्या पक्क्या निदानाने आप्पांचं निदान पक्कं होत नाही.

इथवर दोघंही एकमेकांच्या बरेच जवळ आले आहेत. पण या प्रश्नात केवळ जिज्ञासा नसते, कधी कधी एखाद्याची अब्रूही गुंतलेली असते. शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर गेले. बखरकार सभासद ज्वराची व्यथा सांगतो. मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रात रक्ताच्या हगवणीने बारा दिवस आजारी असल्याची बातमी आहे. या दोन्हींच्या पलीकडे विषप्रयोगाची कुजबुज आहे, आणि ती त्यांच्या राणी सोयराबाईंच्या नावाला आजही चिकटलेली आहे. वैद्यकाची मदत घ्यायची तर इथे घ्यावी, असं कुणालाही वाटेल. ताप आणि रक्ताची हगवण एकत्र आली की आतड्याचा संसर्ग सहज सुचतो, आणि त्या काळी अशा संसर्गाने धडधाकट माणूसही दोन आठवड्यांत जात असे. पण प्रामाणिक डॉक्टर पुढचं वाक्यही बोलेल: सोमलानेही रक्ताची हगवण होते. म्हणजे केवळ लक्षणांवरून सोयराबाईंना दोषी ठरवता येत नाही आणि निर्दोषही ठरवता येत नाही. त्यांची बाजू उभी राहते ती इतिहासाच्या कसोटीवर. आरोप पहिल्यांदा कुणी केला, किती उशिरा केला, त्यात त्याचा फायदा काय होता, आणि जवळच्या साधनांत त्याला आधार आहे का, या प्रश्नांवर. एखाद्या स्त्रीवर खुनाचा डाग ठेवायचा की पुसायचा हे आतड्यांच्या रोगांच्या यादीवरून ठरवू नये.

जगात इतरत्र, अगदी देहाचा पुरावा आहे तिथेही, हीच शिस्त लागते. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या वेडाला पॉर्फिरिया हा रक्तातल्या द्रव्यांचा आनुवंशिक विकार कारण होता, असं आयडा मॅकअल्पाइन आणि रिचर्ड हंटर या मनोविकारतज्ज्ञ मायलेकांनी १९६६ साली मांडलं. ते इतकं गाजलं की अनेकांनी सिद्ध झाल्यासारखं धरलं. पुढे तेच कागद पुन्हा वाचणाऱ्या अभ्यासकांना दिसलं की निदानाला जुळणाऱ्या नोंदी निवडून घेतल्या होत्या. आज बरेच जण उन्मादाच्या विकाराकडे झुकतात. संगीतकार बेथोव्हेनच्या म्हणून जपलेल्या केसांच्या एका बटेत शिसं सापडलं म्हणून शिशाच्या विषबाधेची कथा रूढ झाली. २०२३ साली जनुकं तपासल्यावर निघालं की ती बट एका स्त्रीची होती. खात्रीच्या इतर बटांतून मात्र यकृताच्या रोगाचा आनुवंशिक धोका आणि हिपॅटायटिस बी हाती लागले. म्हणजे प्रयोगशाळेलाही आधी विचारावं लागतं की हा केस कुणाचा, आणि तो प्रश्न इतिहासाचा आहे.

यावर एक आक्षेप भावनेचा आहे: तारापूर आणि वसई घेणाऱ्या वीराला रोगी म्हणून का पाहायचं? त्याचं उत्तर सोपं आहे. धाप लागणाऱ्या माणसाने डिसेंबरपासून मेपर्यंत किनाऱ्यावरच्या छावणीत राहून युरोपीय पद्धतीच्या तटबंद ठाण्यांची माळ घेतली असेल, तर त्याचा पराक्रम त्याने मोठाच होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इतकी शंका असेल तर हा उद्योग सोडूनच का देऊ नये? कारण सोडला तरी निदान थांबत नाही. चरित्रकार, नाटककार, पाठ्यपुस्तकं आजाराचं नाव लिहितातच, फक्त कारण न सांगता. उघड मांडलेलं निदान खोडता तरी येतं. वाक्यात लपलेलं निदान पिढ्यान्‌पिढ्या तसंच उतरतं. शिवाय चांगलं निदान पुढे काय शोधायचं ते सांगतं. किनाऱ्याच्या हवेने तब्येत ढासळली असं म्हणायचं, तर हिवतापाच्या खुणा शोधाव्या लागतील. थंडी वाजून एक दिवसाआड येणारा ताप ही वैद्य नसलेल्या माणसालाही अचूक नोंदता येणारी खूण आहे. ती मिळाली तर पारडं फिरेल.

आणि ती खूण शोधायचीच, तर एकट्या आप्पांच्या नावाखाली का शोधायची? समूहाच्या बाबतीत ही पद्धत बळकट होते हे आपण पाहिलंच. १७३७पासून या किनाऱ्यावर फौजा होत्या, पावसाळ्यातही होत्या. त्यांतले किती शिपाई कोणत्या महिन्यात तापाने पडले, किती घरी परतले, पोर्तुगीज शिबंदी किती रोडावली, हे प्रश्न एका खोकल्यापेक्षा मोठे आहेत आणि त्यांचं उत्तर मिळण्याची आशाही जास्त आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत, गोव्यात पोर्तुगीज दप्तर आहे. हजेऱ्या, रजा, औषधपाण्याचा खर्च, हे सारं डॉक्टर आणि मोडी वाचणारा एकत्र बसले तरच बोलकं होईल.

तोवर आप्पांविषयी एवढंच लिहावं: छातीचा जुना विकार, शेवटी क्षय असावा, पण दमा किंवा हृदयविकार नाकारता येत नाही, तक्रार केव्हा सुरू झाली हे ठरल्यास मत बदलेल. या वाक्यात वाचकाला डॉक्टरांचा अंदाज मिळतो, सरांची अट मिळते, आणि ते कुठे खोडता येईल ती जागाही मिळते. ज्या लेखकाला हे वाक्य लांबलचक वाटेल त्याने आजाराचा उल्लेख खुशाल गाळावा. अर्धं वाक्य लिहून बाकीचं वाचकाच्या विश्वासावर सोडून देण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.